अळवावरचं पाणी आणि फायबरची बोट

मे महिना सरत आला की वसईच्या पाचूबंदरला पाण्यापेक्षा किनाऱ्यावर गर्दी जास्त असते. १ जून ते ३१ जुलै अशी एकसष्ट दिवसांची मासेमारीबंदी लागायच्या आत बोटी भरतीच्या पाण्यावर वर घ्यायच्या, ओंडक्यांच्या आधारानं उभ्या करायच्या, झापांनी नाहीतर ताडपत्रीनं शाकारायच्या. किल्लाबंदर, नायगाव, खोचिवडे, अर्नाळा, सगळीकडे हीच लगबग. अशाच एका दुपारी मी एका बोटीला टेकायला गेलो आणि हाताला रंगाचा पोपडा लागला. ओढला, तर निळ्या रंगाची वीतभर साल अलगद निघून आली. बोटीचा मालक शेजारीच जाळं दुरुस्त करत बसला होता. म्हणाला, "काढा, काढा. तेवढंच आमचं काम कमी."

रंग गेल्याच वर्षीचा होता आणि डबा चांगल्यातला होता. उरलेल्या रंगानं त्यांनी घराचं दार रंगवलं होतं. ते दार एक पावसाळा झेलून अजून जसंच्या तसं होतं. मग बोटीवरच असं का?

कोणीही म्हणेल, खारं पाणी. पण तो पोपडा मी उलटा करून पाहिला. त्याची आतली बाजू काचेसारखी चकचकीत होती आणि खालचं फायबरही तसंच लखलखत होतं. उन्हापाण्यानं रंग खाल्ला असता तर त्याची भुकटी झाली असती. रंगानं फायबर घट्ट धरलं असतं, तर निघताना खालचा थोडा पापुद्राही ओढून आणला असता. हा कोराच्या कोरा निघाला. म्हणजे तो कधी बसलाच नव्हता, वर्षभर नुसता टेकून होता.

फायबर म्हणजे कुडाचीच भिंत

फायबर हे एका पदार्थाचं नाव नाही, ते दोन पदार्थांचं लग्न आहे. जुन्या घरांच्या कुडाच्या भिंती आठवा. नुसती माती वाळली की तडकते, आणि नुसत्या कारव्यांमधून वारा घुसतो. दोन्ही एकत्र आल्या की भिंत उभी राहते. फायबरमध्ये कारवीच्या जागी काचेचे धागे असतात, केसाच्या पाचव्या-सहाव्या हिश्शाएवढे बारीक. मातीच्या जागी असतं रेझिन, मधासारखं दाट आणि नाकात झिणझिण्या आणणाऱ्या वासाचं. काचेच्या तुकडे केलेल्या धाग्यांची जी चादर मिळते तिला कारागीर 'मॅट' म्हणतात. एक किलो मॅट भिजवायला दोन-अडीच किलो रेझिन लागतं. ताण सोसायचं काम काच करते. काचेला जागेवर धरून ठेवायचं आणि पाणी बाहेर ठेवायचं काम रेझिनचं.

हे रेझिन 'वाळत' नाही, हा मुद्दा पक्का लक्षात ठेवायला हवा. कपडा वाळतो म्हणजे पाणी उडून जातं. रेझिन मात्र घट्ट होतं ते दुधाचं दही व्हावं तसं. एक किलो रेझिनमध्ये जेमतेम दहा ते वीस मिलिलिटर हार्डनर मिसळला की सुटे रेणू एकमेकांचे हात धरू लागतात आणि त्यांचं अखंड जाळं विणलं जातं. विरजणासारखंच इथेही प्रमाण आणि हवा दोन्ही सांभाळावं लागतं. थंडीत ते उशिरा लागतं, उन्हात लवकर. हार्डनर कमी पडला तर रेझिन कायमचं कच्चं राहतं. जास्त झाला तर मगमध्येच तापतं, पिवळं पडतं आणि तडकतं. कळीचा चुना विरताना भांडं कसं पोळतं, तसंच. दह्याशी साम्य इथवरच. दही ढवळून मोडता येतं, पण एकदा घट्ट झालेलं हे रेझिन उकडलेल्या अंड्यासारखं असतं, मागे वळत नाही.

(एक धोक्याची सूचना इथेच देतो. हे विरजण लवकर लागावं म्हणून रेझिनमध्ये 'कोबाल्ट' नावाचं जांभळट द्रव घालतात. कोबाल्ट आणि हार्डनर थेट एकमेकांत कधीही ओतायचे नाहीत. भडका उडतो. एक आधी रेझिनमध्ये पूर्ण मिसळायचा, मगच दुसरा.)

काचेचे धागे कारखान्यात भरपूर निघू लागले ते १९३० च्या दशकात अमेरिकेत. १९४२ च्या सुमारास ओहायो राज्यातल्या टोलेडो गावी रे ग्रीन यांनी काच आणि पॉलिएस्टर रेझिन यांची छोटी होडी केली. ती या जातीच्या पहिल्या होड्यांपैकी एक मानली जाते. आपल्याकडे १९५७ साली कोचीला सुरू झालेल्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेनं लाकडी होड्यांवर फायबरचं कवच चढवण्याचे प्रयोग केले आणि ते मच्छीमारांपर्यंत नेले. आज वसईच्या किनाऱ्यावर दोन्ही तऱ्हा दिसतात. काही बोटी पूर्ण फायबरच्या, काही आतून लाकडाच्या आणि वरून 'फायबर मारलेल्या'.

वडी आणि ताटाला लावलेलं तूप

पूर्ण फायबरची बोट साच्यात होते, आणि ती उलटी बांधली जाते. सगळ्यात बाहेर दिसणारा गुळगुळीत थर, म्हणजे जेलकोट, साच्याला सगळ्यात आधी लावतात. हा रंग मिसळलेला रेझिनचाच थर असतो, साधारण अर्धा ते पाऊण मिलिमीटर जाड. त्यावर मॅटचे थर चढतात, आणि शेवटी बोट साच्यातून सोडवतात.

सोडवायची कशी? नारळाची वडी थापताना आपण ताटाला तूप लावतो, तशी साच्याला मेणाची पॉलिश लावलेली असते. आता वडी उलटी करून पाहा. तिच्या खालच्या अंगाला तूप लागलेलं असतंच. बोटीच्याही बाहेरच्या अंगाला ते मेण लागून येतं. त्यावर वर्षानुवर्षांचं डिझेल, माशांचं तेल, ग्रीस आणि एखाद्या हौशी मालकानं चोळलेलं पॉलिश बसतं.

आता अळूच्या पानावर पाणी टाका. थेंब मोत्यासारखा गोळा होतो आणि ओघळून जातो. पाणी पानाला ओलं करत नाही, कारण पानावर मेणकट थर आहे. आपल्याकडे 'अळवावरचं पाणी' ही क्षणभंगुरपणाची उपमा आहे. रंगाऱ्यासाठी ते सरळ रसायनशास्त्र आहे. रंग आधी द्रव असतो, आणि द्रव जिथे पसरतच नाही तिथे तो चिकटणार कसा? मेणकट जागी रंगात गोल गोल खड्डे पडतात. नवखा रंगारी त्यावर आणखी रंग लावतो, आणि खड्डे तिथेच राहतात.

मेण गेलं तरी निम्मंच काम होतं. घराच्या दाराचं लाकूड सच्छिद्र असतं. रंग त्याच्या नळ्यांत उतरतो आणि तिथे मुळं धरतो. जेलकोटला अशा नळ्या नसतात. म्हणून त्या आपण पाडायच्या. पॉलिश पेपरनं घासताना पृष्ठभागावर लाखो बारीक चरे उमटतात, रंग त्यांत शिरतो आणि घट्ट झाला की दातात दात अडकावेत तसा अडकतो. जुना, खडबडीत भाग असेल तर ८० नंबरनं सुरुवात, मग १२०, आणि वरच्या रंगाआधी २२० च्या आसपास. चमक पूर्ण जाऊन सगळीकडे एकसारखा मंद दुधी रंग आला की समजायचं, आता रंगाला धरायला जागा आहे. कुठे नाण्याएवढी जरी चमक उरली, तरी पहिला पोपडा तिथूनच निघणार.

इथे क्रमाची एक चूक फार जण करतात. घाईघाईनं आधी घासतात आणि मग पुसतात. मेण काढायच्या आधी घासलं तर ते निघत नाही, चऱ्यांत चोळलं जातं. म्हणून आधी साबणाच्या पाण्यानं धुवायचं, मग थिनरनं पुसायचं, आणि त्यानंतर घासायचं. पुसायला दोन फडकी हवीत. एकानं थिनर लावायचा आणि तो उडून जायच्या आत दुसऱ्या कोरड्या फडक्यानं टिपून घ्यायचा. एकच फडकं फिरवत राहिलं तर मेण फक्त इकडून तिकडे सरकतं.

घासताना उडणाऱ्या धुळीत रेझिन असतं, आणि पेपर मॅटपर्यंत पोचला तर काचही. ती कातडीत रुतून दिवसभर खाजवते, आणि फुप्फुसात गेलेली तर खाजवूनही निघत नाही. तोंडाला नुसता रुमाल बांधून काही होत नाही. नीट बसणारा मास्क आणि डोळ्यांना चष्मा हवा. ओला पेपर वापरला तर धूळ बरीच कमी होते.

एका डब्याचा रंग, दोन डब्यांचा रंग

हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा साधा तेलरंग हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतो. तो स्वस्त आहे, चुका पोटात घालतो, आणि पाण्याच्या वरच्या भागाला, म्हणजे केबिनला किंवा नाळेच्या वरच्या अंगाला चालून जातो. पण तो तसा मऊच राहतो. दोरांच्या घर्षणानं आणि उन्हानं दीड-दोन वर्षांत थकतो.

दोन डब्यांचे रंग, म्हणजे इपॉक्सी आणि पॉलियुरेथेन, रेझिनच्याच घराण्यातले. दोन घटक मिसळले की रेणूंचं जाळं विणलं जातं. इपॉक्सी खाली चांगला चिकटतो, पण उन्हात त्याची खडूसारखी भुकटी होते. पॉलियुरेथेन उन्हाला पुरून उरतो, पण खालची तयारी नीट हवी. म्हणून जोडी अशी जमते: खाली इपॉक्सी प्रायमर, वर पॉलियुरेथेन. इथे विरजणाचा हिशेब मात्र चालत नाही. हार्डनर हा या रंगांचा मुख्य घटकच असतो. कमी घातला म्हणून 'सावकाश लागेल' असं होत नाही, रंग कच्चाच राहील. डब्यावर लिहिलेलं प्रमाण मापानंच घ्यायचं, अंदाजानं नाही. पॉलियुरेथेनचा फवारा मात्र घरगुती पंपानं मारू नका. त्याच्या हार्डनरची वाफ फुप्फुसाला दम्यासारखा त्रास लावू शकते. ब्रश आणि रोलर पुरेत.

रंग कोणता निवडावा याचंही शास्त्र आहे. काळा किंवा गर्द निळा रंग ऐन उन्हात साठ-सत्तर अंशांपर्यंत तापू शकतो, आणि साधं पॉलिएस्टर रेझिन त्याच सुमारास मऊ पडू लागतं. मग आतल्या विणीची नक्षी वर उमटते. जुन्या बोटीच्या गडद पट्ट्यात तिरप्या उजेडात चटईसारखी वीण दिसते ती यामुळे. अर्थात मासेमारी बोटीवर हौसेला मर्यादा आहेत. २००८ च्या मुंबई हल्ल्यानंतर सुरक्षेसाठी राज्याराज्यांच्या बोटींना रंगसंगती ठरवून दिल्या गेल्या, आणि नव्या रंगावर 'आयएनडी-एमएच'नं सुरू होणारा नोंदणी क्रमांक पुन्हा ठळक काढावाच लागतो.

---

चौकट: मगभर पाण्याची परीक्षा

घासून, पुसून झालं की बोटीच्या अंगावर मगभर गोडं पाणी ओता. पाणी एकसंध चादरीसारखं पसरलं आणि तसंच ओघळलं, तर पृष्ठभाग स्वच्छ आहे. कुठे चादर फाटून थेंब गोळा झाले, तर तिथे अजून मेण किंवा तेल आहे. ती जागा खडूनं खुणवा आणि पुन्हा धुण्यापासून सुरुवात करा. ही परीक्षा फुकट आहे आणि खोटं बोलत नाही. पाणी पूर्ण वाळल्याशिवाय मात्र रंगाचा डबा उघडू नका.

---

सुट्टी नेमकी पावसात

आता खरी पंचाईत. कोळी बांधवांना वेळ मिळतो जून-जुलैत, आणि रंगाला नको असलेली हवाही तेव्हाचीच.

थंड पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम येतो तो तांब्यातला नसतो, हवेतला असतो. हवा एका ठरावीक तपमानाखाली गेली की बाष्प सोडून देते. त्याला दवांक म्हणतात. मेमध्ये वसईत तपमान ३३ अंश आणि आर्द्रता ७० टक्के असेल तर दवांक २७ च्या आसपास येतो. सहा अंशांची मोकळीक. जुलैत २८ अंश आणि ९० टक्के धरा. दवांक २६ च्या वर. मोकळीक जेमतेम दोन अंशांची. रात्री ओल्या वाळूवर उभी असलेली बोट सकाळी हवेपेक्षा दोन अंश थंड असणं अगदी सहज शक्य आहे. म्हणजे तिच्या अंगावर घामाचा पडदा आलेला असतो. डोळ्यांना दिसत नाही, पण रंगाला लागतो. रंगारी कामाचा पाळला जाणारा नियम असा की पृष्ठभाग दवांकापेक्षा किमान तीन अंश गरम हवा. जुलैतल्या सकाळी ते गणित जमतच नाही.

पॉलियुरेथेनचा हार्डनर तर पाण्याशीच रासायनिक नातं जोडतो. रंगाच्या दुसऱ्या घटकाऐवजी हवेतल्या बाष्पाशी त्याची गाठ पडली की कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे सुटतात आणि चमक जाते. दमट हवेत इपॉक्सीवर तेलकट, चिकट साय धरते. ती थिनरनं जात नाही, साध्या पाण्यानं धुतली तर जाते. ती तशीच ठेवून वर रंग चढवला की पुन्हा अळवावरचं पाणी.

जाणते लोक म्हणून काम वाटून घेतात. धुणं, घासणं, तडे कापून उघडे करणं आणि आडोशाखालची लांबी भरणं पावसाच्या उघडिपीत करतात. रंग मात्र मेअखेरीस नाहीतर जुलै सरताना चार कोरडे दिवस गाठून, सकाळी दहा ते दुपारी तीनच्या दरम्यान. उशिरा लावलेल्या रंगावर संध्याकाळचं दव बसतं आणि सकाळी तो पांढुरका दिसतो. नारळी पौर्णिमेआधीच्या आठवड्यात किनाऱ्यावर रंगाचा वास दरवळतो. ख्रिस्ती कोळीवाड्यांत धर्मगुरूंनी बोटींना आशीर्वाद द्यायच्या आत डबे संपवायची घाई असते. मुहूर्ताच्या त्या घाईत लावलेला दुसरा हात पहिला पुरता सुकायच्या आत पडतो, आणि पुढच्या मेमधल्या पोपड्याचं बी तिथेच पेरलं जातं.

शाकारण्याबद्दलही थोडं. नारळाच्या झापांतून पाऊस बराचसा अडतो, पण वारा खेळतो. ताडपत्री पाऊस पूर्ण अडवते, मात्र ती बोटीच्या अंगाला चिकटून बांधली तर खाली दोन महिने घाम साचतो. ताडपत्री हवीच असेल तर बांबूच्या कैच्या उभारून ती अंगापासून हातभर वर ठेवावी.

पाण्याखाली फुगणारे मनुके

वर्षानुवर्षं पाण्यात राहिलेल्या फायबरला कधीकधी खालच्या अंगाला फोड येतात. सुईनं टोचला तर आंबूस वासाचं चिकट पाणी निघतं. बाहेर खारं पाणी असताना आत हे कुठून आलं?

मनुके पाण्यात टाकले की फुगतात. आत साखरेचं दाट पाणी, बाहेर पातळ, आणि मधली साल पाण्याला वाट देते पण साखरेला देत नाही. म्हणून पाणी आत शिरत राहतं. जेलकोट ही तशीच साल आहे. पाण्याचे सुटे रेणू तिच्यातून फार सावकाश झिरपतात. आत रेझिन कुठे कच्चं राहिलेलं असेल तर त्यातले घटक या पाण्यात विरघळतात, दाट द्रव तयार होतो आणि तो आणखी पाणी ओढतो. जागा पुरेना की साल वर उचलते. बोट बांधताना कोणी हार्डनर हातचा राखून घातलेला असतो, त्याचं बिल दहा वर्षांनी असं येतं. उपाय किचकट आहे. फोड उघडे करायचे, गोड्या पाण्यानं पुन्हापुन्हा धुवायचे, कित्येक आठवडे सुकू द्यायचे, इपॉक्सीनं भरायचे. ओलसर फोडावर लांबी फासून रंग मारणं म्हणजे गळूवर पावडर लावणं.

पाण्याखाली आणखी एक भाडेकरू येतो, बार्नेकल. दिसायला शिंपलीसारखा, पण नात्यानं कोळंबीचा भाऊबंद. तो कोवळा असताना जागा हेरतो आणि डोकं टेकवून असा सिमेंट ओततो की खरवडताना कधी जेलकोटही निघतो. त्याच्यासाठी खास रंग असतात. त्यांतलं तांबं हळूहळू पाण्यात सुटतं आणि बार्नेकल टिकत नाही. पूर्वी या रंगांत कथिलाचं टीबीटी नावाचं संयुग असे. त्यामुळे समुद्री गोगलगायींच्या माद्यांना नराचे अवयव फुटू लागले, तेव्हा जग हादरलं. २००१ साली आंतरराष्ट्रीय करार झाला आणि सप्टेंबर २००८ पासून बंदी लागू झाली. हा तांब्याचा रंग झिजायलाच हवा. तो घासून चकाकवला की त्याचं काम बंद पडतं. रंगाच्या बाकीच्या साऱ्या नियमांना हा एक अपवाद.

कवचाखाली काय चाललंय?

लाकडावर फायबर मारणं ही जहाजांच्या इतिहासातली फार जुनी कल्पना आहे, फक्त साहित्य नवं. १७६१ साली ब्रिटिश आरमारानं 'अलार्म' नावाच्या युद्धनौकेच्या तळाला प्रयोग म्हणून तांब्याचे पत्रे ठोकले, लाकूड पोखरणाऱ्या किड्यांपासून वाचवायला. दोन वर्षांनी उघडून पाहिलं, तर किडे नव्हते, पण पत्रे धरणारे लोखंडी खिळे कुजून पीठ झाले होते. खाऱ्या पाण्यात तांबं आणि लोखंड भेटले की त्यांची बॅटरी होते आणि लोखंड झिजतं. गंमत म्हणजे जिथे पत्रा गुंडाळून आलेला तपकिरी कागद चुकून मधेच राहिला होता, तिथले खिळे शाबूत होते.

फायबरच्या कवचाखाली बॅटरी नसते, बुरशी असते. लाकूड आडव्या अंगानं पावसाळ्यात फुगतं, उन्हाळ्यात आकसतं. फायबर जागचं हलत नाही. दोघांच्या ओढाताणीत कुठेतरी केसाएवढी फट पडते आणि पाणी आत जातं. आता ते बाहेर कसं येणार? लाकडातला ओलावा वीस टक्क्यांच्या वर गेला की बुरशीला जेवण वाढलेलं असतं. उघडं लाकूड ओलं झालं तरी उन्हात सुकतं. पांघरलेलं लाकूड सुकत नाही. मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा केला की आतली भिंत ओलीच राहून ढासळते, ते वसईतल्या जुन्या घरांच्या मालकांना वेगळं सांगायला नको. म्हणून फायबर मारायचंच तर लाकूड खडखडीत सुकलेलं असताना, आणि मोकळे खिळे-फटी आधी भरून. त्यातही सागाची गंमत आहे. मुंबईच्या गोदीत वाडियांनी सागवानात बांधलेलं 'त्रिंकोमाली' १८१७ साली पाण्यात उतरलं, ते इंग्लंडात हार्टलपूलला आजही तरंगतं आहे. सागाला टिकवणारं त्याचं अंगचं तेल मात्र पॉलिएस्टरला नीट चिकटू देत नाही. तिथे थिनरनं पुसून लगेच इपॉक्सी लावणं बरं.

माशांच्या बर्फाच्या खणाला फायबरचं अस्तर करतानाही असाच एक फटका बसतो. थर्मोकोल लावला आणि वर पॉलिएस्टर रेझिन ओतलं की थर्मोकोल डोळ्यांदेखत विरघळतो. गणपतीच्या मखराला स्प्रे पेंट मारून ज्यांनी भोकं पाडली आहेत, त्यांना हे कळेल. (२०१८ च्या थर्मोकोलबंदीनं मखरवाल्यांचा हा धडा संपवला, बोटवाल्यांचा नाही.) रेझिनमध्ये स्टायरीन असतं आणि थर्मोकोल त्याच स्टायरीनचा बनलेला. घरचा माणूस भेटला की विरघळणारच. तिथे पॉलियुरेथेनचा (पीयू) फोम वापरतात.

केबिनमधलं कार्पेट

हौसेनं बोट नवी करणारा माणूस शेवटी कार्पेटवर येतो. पायाला मऊ, घसरत नाही, डेकवरचे डाग झाकले जातात. बोटीसाठी विकलं जाणारं कार्पेट पॉलिप्रॉपिलीनच्या धाग्याचं असतं आणि 'पाणी शोषत नाही' असं दुकानदार सांगतो. तो खोटं बोलत नाही. धागा पाणी पीत नाहीच. पण समईची वात तेल वर चढवते ती दोन धाग्यांमधल्या पोकळीतून. कार्पेटातही पाणी धाग्यांच्या मधे आणि रबरी पाठीखाली अडकतं.

त्यात ते पाणी समुद्राचं. आपल्याकडे नायगाव-भाईंदरच्या मिठागरांचं जाडं मीठ पावसाळ्यात बरणीतच पाझरतं. शुद्ध मीठ हवेत ७५ टक्क्यांच्या वर आर्द्रता झाली की ओलावा ओढून विरघळायला लागतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियमचे क्षारही असतात, ते तर त्याच्या निम्म्याहून कमी आर्द्रतेलाच पाझरतात. म्हणजे एकदा लाट बसलेलं कार्पेट गोड्या पाण्यानं धुतलं नाही, तर ते वरून सुकल्यासारखं वाटलं तरी पावसाळाभर हवेतून पाणी पीतच राहतं. खाली फायबर मारलेला प्लायवूड असेल आणि त्यात एखादा स्क्रू नुसताच ठोकलेला असेल, तर ते पाणी स्क्रूच्या भोकातून प्लायवूडच्या पोटात उतरतं. वर मऊ गालिचा, खाली भिजलेला पाव.

तरी लावायचंच असेल तर गोंदाची गंमत समजून घ्यावी. फेविकॉल एसआरसारखा सिंथेटिक रबराचा गोंद दोन्ही बाजूंना लावून, हाताला चिकटणार नाही इतका कोरडा होईपर्यंत थांबून, मग दाबतात. थांबायचं कारण साधं आहे. गोंदातला थिनर उडून जायला हवा, आणि एकदा वरून कार्पेट आणि खालून फायबर आलं की त्याला वाटच उरत नाही. हवा दमट असेल तर आणखी एक भानगड होते. थिनर उडताना गोंद गार पडतो, माठातलं पाणी गार पडतं तसा, आणि त्या गारव्यावर हवेतलं बाष्प बसतं. गोंदावर पांढुरकी झाक आली तर समजायचं, पाण्याचा पडदा मधे आला आहे. दाबलं तरी कोपरे उचलणार.

आणि कार्पेटखाली तेलरंग तर मुळीच नको. गोंदातला थिनर तेलरंगाला मऊ करतो, सुरकुत्या पाडतो. मग कार्पेट रंगाला घट्ट, रंग फायबरला सैल, आणि पुढच्या उन्हाळ्यात दोघं हातात हात घालून निघतात. तिथे घासलेला नुसता जेलकोट किंवा पूर्ण पिकलेला दोन डब्यांचा रंग हवा. प्रत्येक स्क्रूचं भोक आधी रेझिननं बंद करायला हवं.

हे सगळं मी त्या पाचूबंदरच्या मालकांना सांगत होतो. ते ऐकून घेत होते, हातातलं जाळं चालूच होतं. केबिनमध्ये काय अंथरता, असं विचारलं तर त्यांनी बोटीकडे बोट दाखवलं. पुढच्या टोकापासून केबिनच्या छपरापर्यंत एक दोर बांधलेला होता आणि त्यावर दोन प्लॅस्टिकच्या चटया वाळत होत्या. "धक्क्याला लागलो की पहिलं काम तेच," ते म्हणाले, "नळाखाली धरायच्या आणि टाकायच्या दोरावर." मग जाळं बाजूला ठेवून ते उठले आणि निळ्या रंगाची उरलेली साल कानाकोपऱ्यातून ओढून काढायला लागले. खालचं फायबर अजून लखलखत होतं. मी ८० नंबरचा पेपर मागितला.